साठातले एकतीस

प्रिय मधली,

तुझं जाड पाकीट गेल्या मंगळवारी आलं. आत तो फॉर्म, सही कुठे करायची तिथे तू पेन्सिलने केलेली फुली, पालकांना गुण द्यायच्या आपल्या स्केलचं नवं छापील पुस्तक आणि चार ओळींची चिठ्ठी. बालकल्याण खात्याने स्केल वापरायचं जवळपास ठरवलंय, तुझी कायमची नेमणूक त्याच निर्णयावर लटकलीय, आणि घोडं अडलंय ते माझ्या एका सहीपाशी, असं तू लिहिलंयस. खाली, ‘घाई, निदान या वेळी तरी नावाला जाग.’ वाचून हसले. परीक्षेत सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडायचे म्हणून तूच मला हे नाव ठेवलंस, आणि दोन पानांचा फॉर्म आठवडाभर माझ्या टेबलावर ठाण मांडून बसला. अकरा प्रश्न आहेत. दहा मी त्याच दिवशी भरले. अकरावा तुला पाठ असेल, तरी लिहिते: मूळ अभ्यासात दोन्ही निरीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता, स्वतंत्रपणे गुण दिले होते काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. तिथे येऊन माझं पेन थांबलं. त्या चौकोनांकडे मी येईन, पण वळसा घालून येईन. तू आपली वाचत राहा.

आधी इकडची खबरबात. दीड महिना मी बाबांकडे आहे. त्यांचा डावा गुडघा बदलला. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणजे चाळीस वर्षं उकिडवं बसण्यात गेली, त्यामुळे डॉक्टरांना काही नवल वाटलं नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. ती बाबांना विचारते दुखतंय का, ते मान हलवतात, ती मला विचारते की ही मान हो म्हणाली की नाही, आणि मी भाषांतर करते. आत्या रोज फोनवर म्हणते की देवाने तुझ्या बापाला तोंड दिलं ते फक्त जेवायला. माझी नोकरी तीच, इथूनच करते. तुझी करमणूक होईल म्हणून सांगते: एका कंपनीला आलेले ग्राहकांचे फोन ऐकायचे आणि फोन घेणाऱ्याच्या आवाजात आपुलकी किती होती याला एक ते पाच गुण द्यायचे. दिवसाला चाळीस फोन. प्रत्येक फोन दोघंजण ऐकतात आणि महिनाअखेर कोणाचे गुण कोणाशी किती जुळले याचा तक्ता लागतो. त्या तक्त्यात मी कायम पहिली. आमचा साहेब नव्या लोकांना सांगतो, हिला कोणाच्याही जोडीला बसवा, जुळतंच. तो हे कौतुकाने सांगतो.

आपण दोन विषय एकत्र घेतले तेव्हा सगळ्यांनी आपल्याला वेड्यात काढलं होतं. मानसशास्त्राची इमारत रस्त्याच्या अलीकडे, संख्याशास्त्राची पलीकडे, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी आणि कधी वेळेवर हिरवा न होणारा सिग्नल. अलीकडच्यांना आपण आकडेमोड करणाऱ्या कोरड्या पोरी वाटायचो, पलीकडच्यांना भावनांचे आलेख काढणाऱ्या खुळ्या. धड इकडच्या ना तिकडच्या. तू दोन्ही वर्गांत बरोब्बर मधल्या बाकावर बसायचीस. पलीकडच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात मध्यक शिकवताना तुला उभं केलं, हिच्या डावीकडे जितकी मुलं तितकीच उजवीकडे, आणि तू जन्माची मधली झालीस. मला गणितं पटकन सुटायची पण कशी सुटली ते सांगता यायचं नाही. तुला माणसं पटकन कळायची आणि कशी कळली तेही तू सांगायचीस, एक, दोन, तीन करून. कँटीनमध्ये कोपऱ्यातलं जोडपं बघून तू म्हणायचीस, ती चिडलीय आणि त्याला वाटतंय की तिला भूक लागलीय. पाच मिनिटांत ती ताट तसंच टाकून उठायची. मला ती विद्या हवी होती. म्हणून मी आधी तुझं ऐकायचे, मग बघायचे, आणि मग मला तसंच दिसायचं. ऐकायच्या आधी बघणं मला कधी जमलं नाही.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प तुझ्या डोक्यातला. विद्यापीठाच्या बालचिकित्सा केंद्रात साठ व्हिडिओ पडून होते. प्रत्येकात एक खोली, चार वर्षांचं मूल, त्याची आई नाहीतर बाप, आणि टेबलावर त्या वयाला न झेपणारं लाकडी कोडं. सहा मिनिटं. मूल अडतं, आणि शेजारचं मोठं माणूस काय करतं ते बघायचं. मुलाला आधार किती मिळाला, याला एक ते पाच गुण. आपल्या मार्गदर्शक, ज्यांना सगळं विद्यापीठ नुसतं बाई म्हणायचं, त्यांची अट सरळ होती. दोघींनी दोन खोल्यांत बसायचं. साठही होईपर्यंत त्या व्हिडिओंबद्दल एकमेकींशी अक्षर बोलायचं नाही, जेवतानासुद्धा. मग दोघींचे गुण शेजारीशेजारी ठेवून कप्पा नावाचा आकडा काढायचा, म्हणजे नशिबाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून उरलेलं खरं जुळणं. पॉइंट सातच्या वर आला तर स्केलला अर्थ. ‘त्याच्या खाली आला, तर तुम्ही मुलांचं काही मोजत नाही आहात, एकमेकींची घरं मोजताय,’ असं बाई म्हणाल्या होत्या. तू ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंस. मी लिहिलं नाही, मला वाटलं लक्षात राहील.

गुण द्यायला बसायच्या आधी चार दिवस सुट्टी होती आणि तू आमच्या घरी आलीस. त्याआधी मी तुझ्याकडे राहून आले होते. तुझ्या आईने मला दारातच जवळ घेतलं, तुझे बाबा दर घासाला काहीतरी विचारत होते, आणि तुझी मोठी बहीण बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून माझ्याशी गप्पा मारत होती. मी आत, तोंडाला साबण. मला तिथे थोडं गुदमरायला झालं आणि हेवाही वाटला, दोन्ही एकदम. आमच्याकडे तू आलीस तेव्हा बाबांनी पेपर खाली केला, मान हलवली, पेपर वर केला. चार दिवसांत ते तुझ्याशी तीन वाक्यं बोलले, त्यातलं एक गरम पाण्याच्या नळाबद्दल होतं. तुझ्या बॅगेचं एक चाक येताना अडकत होतं, बस थांब्यापासून घरापर्यंत आपण ती जवळजवळ उचलून आणली होती. जाताना ते फिरत होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, आणि मी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे अशा गोष्टी सांगायची पद्धत नाही. बस सुटल्यावर तू माझा हात धरलास आणि विचारलंस, ‘तुझे बाबा तुझ्याशी बोलतच नाहीत का गं? लहानपणीपण नाही?’ तुझ्या आवाजात इतकी माया होती की मी नाही म्हणून टाकलं. आणि म्हणताना पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. तोपर्यंत मी त्याला नुसतं घर म्हणत होते.

मग दोन आठवडे, दोन खोल्या. तुझी वरच्या मजल्यावरची, खिडकीची. माझी तळमजल्यावर, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनच्या शेजारी, जिथे खुर्ची मागे घेतली की दार उघडायचं नाही. दिवसाला सहा व्हिडिओ. आणि मधली, मी प्रामाणिकपणे गुण दिले. आता तुला याचं काही वाटेल की नाही माहीत नाही, पण साठच्या साठ मी माझ्या डोळ्यांनी बघितले. शेवटच्या शुक्रवारी तू बहिणीकडे गेलीस, आणि सोमवारी बाईंना दे म्हणून तुझा गुणांचा तक्ता माझ्याकडे ठेवून गेलीस. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तो उघडला. वाईट हेतू नव्हता. आपलं किती जुळलं ते दोन दिवस आधी कळलं तर काय आकाश कोसळणार आहे, एवढाच विचार. साठातले एकतीस जुळले होते. कप्पा पॉइंट छत्तीस.

उरलेले एकोणतीस कुठेही विखुरलेले असते तर मी म्हटलं असतं, आपला हात बसला नाही अजून. पण त्यांना एक वळण होतं. जिथे मोठं माणूस बोलत होतं, हात पुढे करत होतं, शाबास म्हणत होतं, तिथे तुझे पाच, माझे तीन. जिथे ते गप्प होतं, तिथे तुझे एक-दोन, माझे चार. बावीस नंबरचा व्हिडिओ तुला आठवत असणारच, करड्या स्वेटरचा बाप. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलेला, सहा मिनिटांत एक शब्द नाही. मूल दोनदा त्याच्याकडे बघतं, तो कोड्याकडेच बघत राहतो. पाचव्या मिनिटाला मूल एक तुकडा उलटा करून लावून बघतं, तुकडा बसतो, आणि बापाची मान हलते, बोटभरही नाही. तू एक दिला होतास. मी पाच. मी सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत होते. ते पुढे जाऊ नयेत म्हणून त्याने स्वतःचं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या सायकलची साखळी उतरली होती. बाबा पायरीवर बसले. तास गेला, माझे हात काळे, नाक वाहतंय, आणि दहा मजली लिफ्ट एकट्याने खाली आणणारा माणूस एक बोट लावायला तयार नाही. साखळी बसली तेव्हा ते उठून आत गेले आणि माझे हात पुसायला रॉकेलचा बोळा घेऊन आले. त्या शनिवारी मला हे आठवलं असं इथे लिहायला बरं वाटलं असतं. नाही आठवलं. मला बसमधला तुझा आवाज आठवला. आणि मी असा निष्कर्ष काढला की तुझा डोळा चांगल्या घरात तयार झालाय, माझा नाही. पट्टीच वाकडी निघाली तर तिने घेतलेली मापं टाकून द्यायची असतात, हे तर आपल्याला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

तर मी कोरा तक्ता घेतला आणि त्यावर तुझे गुण उतरवले. सगळेच जुळले तर कोणीही पकडेल, एवढं शास्त्र मला येत होतं. म्हणून सात ठिकाणी एकेका गुणाचा फरक ठेवला. ती सात ठिकाणं मनाने निवडली तर त्यात माझा कल उतरेल, म्हणून संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या मागे तो नुसत्या वाटेल तशा आकड्यांचा तक्ता असतो, त्यातून निवडली. लबाडी करतानाही पद्धत सोडली नाही. कप्पा आला पॉइंट पंच्याऐंशी. पण एक चूक राहिली, आणि ती चूक शिकलेली माणसंच करू शकतात. साध्या चोराने केली नसती. दोन माणसांचे खरे मतभेद वाटेल तिथे पडत नाहीत, जागा अवघड असते तिथे पडतात. माझे वाटेल तिथे पडले होते. एका आईने सहा मिनिटांत मुलाला अकरा वेळा जवळ घेतलं होतं, तिला अनोळखी माणसानेही पाच दिले असते. तिला मी चार दिले. आणि बावीस नंबरवर आपलं एकमत.

तोंडी परीक्षेत पलीकडच्या सरांनी ते बरोबर हेरलं. चष्मा कपाळावर चढवून, दोन्ही तक्ते दोन हातांत धरून ते म्हणाले, ‘गंमत आहे. सोप्यावर भांडता आणि अवघडावर गळ्यात गळे.’ सगळे हसले. ते हसले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. तेवढा वेळ त्यांनी मला देऊ केला होता, हे मला आज कळतं. मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. ‘सर, आम्ही दोघी एकाच नजरेने बघतो.’ त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मग आपला पहिला क्रमांक, मग शोधनिबंध, त्यावर दोघींची नावं. बाहेरच्या पायऱ्यांवर तू मला सांगितलंस की तुला लहानपणापासून भीती होती, आपण बघतो ते आपल्याच मनाचे खेळ असतील, आणि आता पुरावा मिळाला. तू रडत होतीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो किती वेळ ठेवायचा असतो याचा विचार करत राहिले. पुढचं शिक्षण मी सोडलं तेव्हा तू कारण विचारलंस. मी कंटाळा आला म्हटलं. तू लोकांना सांगितलंस, ती घाईच आहे, कुठे टिकत नाही. मला ते सोयीचं पडलं.

त्याला सहा वर्षं झाली. आपली भेट वर्षाकाठी एकदा, फोन त्याहून थोडे जास्त. एवढ्या काळात तू सत्तरएक लोकांना स्केल वापरायला शिकवलंस आणि पुस्तकात अभिमानाने लिहिलंयस की त्यांचे गुण एकमेकांशी पॉइंट आठच्या वर जुळतात. जुळणारच. तू त्यांना आधी सांगतेस काय दिसतं, मग दाखवतेस. तसं शिकलेली पहिली मीच. पान नऊवर करड्या स्वेटरचा बाप आहे. ‘एक गुण, नमुना: अलिप्त पालक,’ आणि खाली त्याचं वर्णन, हात मांड्यांखाली दडवलेले, मुलाला प्रतिसाद नाही. पान चौदावर रेघ मारलीय, सरासरी दोनच्या खाली गेली तर मूल त्या पालकाकडे परत पाठवायचा विचार पुढे ढकलावा. तू हे वाईट मनाने लिहिलेलं नाहीस. ज्या मुलांना खरोखर कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी तू हे सगळं उभं केलंस, आणि त्या रेघेखाली तशी माणसं सापडतीलही. मला एवढंच माहीत आहे की त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण खाली जाईल ते आपल्या दोघींना माहीत नाही. आणि आपल्याला माहीत आहे असं सांगणाऱ्या कागदावर माझं नाव आहे.

या आठवड्यात बाबा काठी सोडून चालायला लागले, पलंगापासून खिडकीपर्यंत. नऊ पावलं. परवा ते पाचव्याला थांबले, पाय थरथरायला लागला, आणि माझे हात आपोआप पुढे गेले. त्यांनी नुसतं बघितलं. मी हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत धरून ठेवले. ते सोपं नसतं, मधली. हाताला शक्ती लागते. पुढच्या चार पावलांना किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. खिडकीचं लोखंड धरल्यावर, बाहेर बघतच ते म्हणाले, ‘बरं केलंस.’ मग पाणी मागितलं.

तर आता तो चौकोन. माझा पहिला तक्ता मी फाडला नव्हता. पेन्सिलीतले साठ आकडे, खाली तारीख, या पत्रासोबत मूळ कागदच पाठवतेय, प्रत माझ्याकडे आहे. छत्तीस तू स्वतः काढून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. अकराव्या प्रश्नाला मी ‘नाही’वर खूण केली, उरलेल्या जागेत काय झालं ते लिहिलं, आणि तुला यातलं काहीही माहीत नव्हतं हे दोनदा लिहिलं. सही केली. फॉर्म काल खात्याला टाकला, एक प्रत बाईंना. म्हणजे हे तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला फोन येऊन गेलेला असेल. नेमणूक लांबेल, कदाचित जाईलही, हे मला कळतं, आणि तू म्हणशील की सहा वर्षं गप्प बसलीस, तर आणखी चार दिवस बसून आधी मला विचारायला काय झालं होतं. तीनदा फोन हातात घेतला होता. विचारलं असतं तर तू चिडली असतीस, मग शांत झाली असतीस, आणि मग काय करायचं ते एक, दोन, तीन करून मला नीट सांगितलं असतंस. ते कदाचित बरोबरही असतं. आणि मी पुन्हा तुझंच उतरवून घेतलं असतं.

तुझीच,
घाई